कुंपणाचे दोन बांबू

एलिसा चालायला लागली तेव्हापासून जीनाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. घरामागेच बावखल. गोड्या पाण्याचं ते जुनं तळं हिरव्या शेवाळानं असं झाकलेलं, की दोन वर्षांच्या पोरीला ते अंगणच वाटावं. सासऱ्यांनी काठाने बांबूचं कुंपण घातलं, तेव्हा कुठे जीना निवांतपणे भात टाकू लागली.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर कॉलेजची मुलं बावखल साफ करायला आली. धाकटा दीर क्लेटन त्यांचा लीडर. मुलांनी थोडं शेवाळ उपसलं, बॅनर लावला, फोटो काढले, हजेरी दिली, वडापाव खाल्ला आणि गेली.

जीना स्वयंपाकघरात होती. एलिसा आली ती पायाला घोट्यापर्यंत हिरवं चिकटवून.

जीनाच्या हातातला डाव खाली पडला. पोरीला काखोटीला मारून ती मागे धावली. कुंपणात दारभर भगदाड. मधले दोन बांबू बॅनर उभा करायला उपटले होते. बॅनर गेला होता, बांबू शेवाळाच्या ढिगावर पडले होते.

क्लेटन ओट्यावर लवंडला होता.

"बांबू कोण लावणार?"

"उद्या लावतो ना वहिनी. आज अंगात जीव नाय."

"उद्यापर्यंत हिला खुंटीला टांगू?"

"एक दिवस लक्ष ठेव की. हे बघ, कॉलेजच्या डायना मॅडमनी पण लाईक केलंय."

त्याने मोबाईल पुढे केला. बॅनरवर मोठ्या अक्षरांत, 'आपलं पाणी, आपली जबाबदारी'. खाली हसरी मुलं, मध्ये क्लेटन. जीनाला दमल्यासारखं झालं. तिने सवयीने फोटो बोटांनी मोठा केला. बॅनरच्या कडेला, भगदाडात, एलिसाचा पिवळा फ्रॉक. पाण्यापासून एका पावलावर.

तिने फोटो तसाच मोठा ठेवून मोबाईल परत दिला.

क्लेटनला तो फ्रॉक दिसला. मग उठला, चपला न घालताच मागे गेला. पहार आपटल्याचा आवाज येत राहिला. तो परतला तेव्हा हात चिखलाने माखलेले होते.

"डिलीट करतो तो फोटो."

"नको. तुमच्या ग्रुपवर टाक. मागे काय दिसतंय ते बघा म्हणावं सगळ्यांना."

त्याने मान खाली घातली. "टाकतो."

जीना एलिसाला घेऊन मागे गेली. एकेक बांबू तिने हलवून पाहिला. हलत नव्हते. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.