विंडलासचे शवविच्छेदन

शशिधर नगरकरांच्या बोटीवर नांगर उचलणारे यंत्र, म्हणजे विंडलास, नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. होते, ते विजेवर चालत नसे आणि त्याचे नाव सुप्रभा होते, एवढेच. एकोणीस वर्षे शशिधर मागे सुकाणूपाशी उभे राहत आणि सुप्रभा पुढच्या टोकाशी गुडघे टेकून तीस मीटर साखळी हातांनी वर ओढी. या श्रमविभागणीवर कधी चर्चा झाली नव्हती. जे कोणी ठरवलेच नाही ते बदलायचे तरी कोणी, हेच अशा व्यवस्थांचे खरे बळ.

मग २००५च्या ऑगस्टमध्ये, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या वाइट बेटावरच्या एका खाडीत, वारा फिरला. नांगर चिखलातून घसरू लागला आणि बोट शेजारच्या बोटीवर सरकू लागली. "जोर लाव!" शशिधर मागून ओरडले. सुप्रभाने जोर लावला आणि ती तिथेच आडवी झाली.

शशिधर अस्थिरोगतज्ज्ञ. तिच्या कंबरेच्या एमआरआयची फिल्म त्यांनी रीडिंग गावातल्या घरी खिडकीच्या उजेडात धरली आणि निदान सांगितले: वयानुरूप झीज. सुप्रभा पॅथॉलॉजिस्ट. तीस वर्षे तिने रुग्णालयाच्या तळघरात मृत्यूची कारणे शोधली होती. कारणाच्या जागी वय लिहिणाऱ्या प्रशिक्षणार्थ्यांना ती अहवाल परत करी. नवऱ्याचा अहवाल मात्र तिने परत केला नाही, फक्त म्हणाली, "विंडलास बसवा. चुकीचा बसवलात, तर मी पुन्हा बोटीवर पाय ठेवणार नाही."

ही धमकी नव्हती. समुद्र तिला हवा होता. कधी कधी नवऱ्यापेक्षा जास्त. पण दुसऱ्यांदा कंबर गेली असती, तर समुद्र फक्त किनाऱ्यावरून पाहायचा उरला असता. साठाव्या वर्षी माणूस असल्या गोष्टी पैजेवर लावत नाही.

शशिधरांनी काम मनावर घेतले, म्हणजे वाचन सुरू केले. आठ महिन्यांत अकरा रकान्यांचा तक्ता तयार झाला: ओढण्याची क्षमता, वॅट, वेग, वजन, हमी. नौकाविषयक मासिकांतल्या चाचण्या त्यांनी तिथे श्रद्धेने उतरवल्या. नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानले, पण बोलणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह, असावा ही अट घालून. जे मासिक एका पानावर यंत्राची परीक्षा घेते आणि समोरच्या पानावर त्याच यंत्राची जाहिरात छापते, ते या अटीत कितपत बसते, हा प्रश्न तक्त्यात नव्हता. तक्त्याच्या शिखरावर सर्वांत दांडगे यंत्र होते.

एप्रिलच्या एका शनिवारी दोघे किनाऱ्यावरच्या हॅम्बल गावी उदयच्या वर्कशॉपमध्ये गेली. उदय लंडनच्या हाउन्सलोत वाढलेला, नगरकरांच्या जुन्या स्नेह्यांचा मुलगा. आता बोटींची वायरिंग आणि मोटारी दुरुस्त करी.

त्याने तक्ता वाचला आणि शीळ घातली. "काका, दिस इज ब्रिलियंट. मी फ्रेम करून लावू का?"

"चेष्टा पुरे. हाच मागव."

"चौतीस फुटी बोटीला हा? यानं तुम्ही फेरीबोट ओढाल!"

"ताकद जास्त असलेली बरी. वेळेला कमी पडायला नको."

सुप्रभा तोवर खोलीभर नजर फिरवत होती. तिने विचारले, "उदय, मेलेली कुठं ठेवतोस?"

"काय, काकू?"

"बिघडून आलेली. बदललीस ती. जिवंत यंत्रं मासिकात बघितली. मला मेलेली दाखव."

उदय हसला, पण मागच्या शेडमधून एक क्रेट ओढत आला. सुप्रभाने चष्मा बदलला, बाह्या सारल्या आणि पहिली मोटार हातात घेतली. पुढचा पाऊण तास तिने विचारल्याशिवाय कोणाला बोलू दिले नाही.

पहिल्या मोटारीत गंज होता. दांड्याभोवतीचे रबरी सील फाटून खारे पाणी आत उतरले होते. "बदललं का नाही?"

"मोटार डेकच्या खाली, काकू. त्या बिळात कोण शिरणार?"

दुसरीची तांब्याची तार काळी पडली होती. सुप्रभाने ती नाकाशी नेली. "जळली."

"नांगर चिखलात रुतलेला, आणि माणूस बटणावर पाय ठेवून उभा."

तिसऱ्या विंडलासचा दांडा वाकला होता, दाते उडाले होते. "याला रात्रभर बोट धरायला लावली," उदय म्हणाला. "साखळीला वेगळा दोर बांधून लोड त्याच्यावर घ्यायचा असतो. हा लाटेचा प्रत्येक झटका खात बसला, बिचारा." चौथाही जळलेला. पाचवाही.

"यातला एक तरी कमी ताकदीमुळं मेला?"

उदयने डोके खाजवले. "नो. हा पाचवा तर काकांच्या लिस्टमधला टॉपचा आहे."

शशिधर पुढे झाले, वाकून पाहू लागले.

"विंडलासनं फक्त साखळीचं वजन उचलायचं," उदय म्हणाला. "बोट त्यानं ओढायची नाही. बोट इंजिननं हळूहळू नांगराच्या डोक्यावर आणायची. साखळी ढिली झाली की बटण. पण मागचा माणूस गिअर टाकतच नाही. त्याला वाटतं, पुढं आहे ना कुणीतरी ओढायला."

गेल्या ऑगस्टमध्ये त्या खाडीत इंजिन कोणी पुढे घेतले नव्हते, हे त्या तिघांपैकी दोघांना ठाऊक होते. तिसऱ्याने आत्ताच नकळत निदान सांगितले होते.

सुप्रभाने हात पुसले. "मध्यम ताकदीचा घेऊ. मोटार डेकच्या वर असलेला, म्हणजे सील मला बसल्या जागी बदलता येईल. वीज गेली तर हातानं फिरवायचा दांडा हवा. तो मी इथं फिरवून बघणार. आणि उदय, केबल जाड टाक."

"डन."

"आणखी एक. बटण यांच्या हातात. सुकाणू आणि इंजिन माझ्याकडे."

"अगं, हे काय भलतंच?" शशिधर म्हणाले. "आणि मी पुढून सांगितलेलं तुला मागं ऐकू कसं येणार? इंजिनचा आवाज असतो."

"मला तुमचं 'जोर लाव' स्पष्ट ऐकू आलं होतं."

उदयने एकदम क्रेटमध्ये काहीतरी शोधायला घेतले.

शशिधरांनी तक्त्याची घडी केली, पुन्हा उघडली. मग म्हणाले, "मला पुढचं काम येत नाही, सुप्रभा." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेले हे पहिले शास्त्रशुद्ध विधान.

"शिकाल. साखळी कुठं जाते ते बघायचं आणि तिकडं हात करायचा. बोलायचं नाही."

मे महिन्यात नवे यंत्र घेऊन ती दोघे पुन्हा वाइट बेटाच्या किनाऱ्याशी नांगरून राहिली. सकाळी निघायच्या वेळी ओहोटी लागली होती आणि वारा समोरचा होता. शशिधर गुडघे टेकून बसले. एका हातात बटण होते. त्यांनी दुसरा हात उजवीकडे केला आणि मागे पाहिले.

बोटीचे टोक ज्या बाजूला खेचले जात होते, त्यावरून साखळी डावीकडे असल्याचे सुप्रभाला मागूनही कळत होते. ती ओरडली नाही. तिने गिअर टाकला नाही. यंत्रही गप्प होते. ती नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली.

शशिधर पुन्हा वाकले. या वेळी कठड्याबाहेर मान काढून, पाण्यात शिरणाऱ्या कड्यांकडे त्यांनी नीट पाहिले. मग हात डावीकडे नेला आणि तिथेच ठेवला.

सुप्रभाने इंजिन पुढे घेतले.