पेशंटबरोबर कोण?

गुणमालाच्या घरात कुणीही आजारी पडलं, तरी डॉक्टरांपुढं बोलायची ती गुणमालाच. तासगावच्या दवाखान्यात डॉक्टर लेकीकडं बघून विचारायचे, "काय होतंय गं, ब्राह्मी?" आणि ब्राह्मीनं तोंड उघडायच्या आत हिची गाडी सुरू. ताप कवापासून, झोप कशी, आदल्या दिवशी कुणाच्या बारशात काय खाल्लं, सगळं साग्रसंगीत. ब्राह्मीला काम एकच उरायचं, जीभ दाखवायची. नवऱ्याची, जिनदत्तची गतही तीच. द्राक्षाच्या बागेत गड्यांवर आवाज चढवणारा माणूस, पण दवाखान्याच्या बाकावर बसला की मुका. डॉक्टरांनी विचारलं की हा बायकोकडं बघणार आणि बायको त्याची पाठ, पोट, पित्त सांगून मोकळी होणार. आपल्याकडं आजाऱ्यानं आजारी पडायचं आणि सोबत आलेल्यानं बोलायचं, अशी रीतच आहे.

ती रीत घेऊन ब्राह्मी एम.एस्सी.साठी इंग्लंडला गेली. तिथं सोबत यायला कुणी नव्हतं.

एप्रिलातली गोष्ट. गुणमाला बेदाण्याच्या शेडवर होती. बायका जाळ्यांवर द्राक्षं पसरत होत्या आणि ही मधे उभी राहून हात कमी, तोंड जास्त चालवत होती. ऊन डोक्यावर आलं म्हणजे तिकडं सकाळ झाली, हे तिला एव्हाना पाठ झालं होतं. तिनं व्हिडिओ कॉल लावला. मोबाइलच्या पडद्यावर ब्राह्मी दिसली, तिकडं लॅपटॉपसमोर पलंगाच्या कडेला वाकून बसलेली.

"आगं, अशी का बसलीयास?"

"काय नाही गं आई. जरा पोट दुखतंय."

"कवापासनं?"

"परवापासून."

"आन मला आज सांगतीस व्हय? डाक्टरला दावलंस का?"

"काल फोन केला होता. इथं आधी फोन करावा लागतो, उठून दवाखान्यात जाऊन बसता येत नाही. त्यांनी विचारलं काय होतंय, मी सांगितलं, थोडंसं पोट दुखतंय. गोळी घे म्हणाले, वाढलं तर परत फोन कर."

"मग? वाढलंय न्हवं?"

ब्राह्मी म्हणाली, "सारखा सारखा काय त्रास द्यायचा त्यांना? लोकांना मोठमोठे आजार असतात."

"उबी ऱ्हा बगू."

ब्राह्मी टेबलाला धरून उठली, पण सरळ काही होईना. उजव्या कुशीवर हात दाबून तशीच वाकून राहिली, आणि तेवढ्यानंच तिचा चेहरा पांढरा पडला. या पोरीला भाषा येत होती, परीक्षेत मार्क पडत होते, परक्या देशात खोली शोधून राहत होती, पण माझं दुखतंय हो, लय दुखतंय, एवढं सांगायची वेळ तिच्यावर जन्मात आली नव्हती. आईनं येऊच दिली नव्हती. गुणमालाला स्वतःचाच राग आला. पण राग करत बसायला सवड कुठं होती!

"लाव फोन त्यास्नी. माज्यासमोर लाव. मी बोलती."

"तू काय बोलणार? मराठीत?"

"लाव म्हणलं न्हवं!"

ब्राह्मीनं मोबाइल स्पीकरवर टाकून लॅपटॉपजवळ ठेवला. बराच वेळ त्यातून नुसती वाजंत्री ऐकू येत राहिली. शेवटी एका बाईंचा आवाज आला आणि ब्राह्मी बोलू लागली. गुणमालाला इंग्रजी येत नसलं, तरी 'सॉरी' आणि 'लिटल' कुणाला कळत नाही? ती शेडवरून ओरडली, "लिटल न्हाई! सांग तिला, लिटल न्हाई म्हणून!"

जाळीवरच्या बायकांचे हात थांबले. फोनवरच्या बाईही थबकल्या. मग त्यांनी काहीतरी विचारलं.

"आई, त्या विचारतायत, तू कोण आणि काय म्हणतेयस."

"मी आई हाय म्हणावं. माजी पोरगी हात मोडला तवा बी रडली न्हवती. आता तिला सरळ उबं ऱ्हाता येईना. डोळं बग कसं खोल गेल्यात. रातभर झोपली नसंल, पोटात पाणी बी ठरत नसंल. इचार तिलाच, खरं का खोटं!"

ब्राह्मी सांगू लागली. पहिल्यांदा आईचं म्हणणं जसंच्या तसं, शाळेत धडा वाचावा तसं. मग स्वतःचं. गुणमालाचं बोलणं केव्हाच संपलं होतं, पण ब्राह्मी बोलतच राहिली. कुशीवर बोट ठेवून, रडत, नाक पुसत, पुन्हा बोलत. त्यातलं एक अक्षर गुणमालाला कळलं नाही. दवाखान्याच्या बोलण्यात ती आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली.

"आई, अँब्युलन्स पाठवतायत," ब्राह्मी म्हणाली.

जैनांच्या घरात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत; त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत जेवायचं कुणाला सुचलं नाही आणि मग दोघंही उपाशीच राहिली. ब्राह्मीचं ऑपरेशन करणार असा निरोप आला होता आणि जिनदत्त ओसरीवर येरझारा घालत होता. "पोरगीला एकटीला कापत्यात तिकडं," एवढंच तो म्हणाला, आणि गुणमालाचा बांध फुटला.

अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी फोनवर ब्राह्मी हसून म्हणाली, "नर्सनं विचारलं, पेशंटबरोबर कोण आहे? मी म्हटलं, आई."

बेदाण्याचा हंगाम सरला. जिनदत्तला खोकला झाला म्हणून गुणमाला त्याला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी विचारलं, "बोला, काय होतंय?" जिनदत्तनं सवयीनं बायकोकडं बघितलं. तिच्या जिभेवर सगळं तयार होतं. पण तिनं ते गिळलं.

"आवं, माज्याकडं काय बगताय? तुमीच सांगा."

जिनदत्त चुळबुळला. टोपी काढून मांडीवर ठेवली. खोकल्याचं सांगून झालं तरी तो उठेना. मग जमिनीकडं बघत हळूच म्हणाला, "आन डाक्टर, बागेतनं चालत आलो की छातीत आवळल्यागत हुतंय. दिवाळीपासनं. हिला म्हाईत न्हाई."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सांगलीला जाऊन तपासण्या कराव्या लागतील, आजच, असं ते म्हणाले. जिनदत्त अजून बोलत होता, अडखळत का होईना, स्वतःच्या तोंडानं. गुणमाला तोंडाला पदर लावून ऐकत राहिली.