लार्चची पानगळ

कचरा चुकीचा वेगळा केला म्हणून चारुताने त्सुकुबातल्या सगळ्या जपानी शेजारणींसमोर मेधाची पिशवी उघडून दाखवली होती. दोघींचे नवरे एकाच आयटी प्रोजेक्टवर, त्यामुळे मेधाने तेव्हा हसून पिशवी परत बांधली.

दिवाळीला पुण्याला जाताना अंगणातल्या कमरेएवढ्या, झुकत्या फांद्यांच्या लार्चला पाणी घालायचं काम तिने चारुतावरच सोपवलं. परतली तेव्हा सुयांसारखी पानं झडून झाड उघडंबोडकं झालं होतं.

"माझ्या हातून मेलं गं," चारुता रडवेली झाली.

लार्च दर हिवाळ्यात असाच झडतो, हे मेधाला ठाऊक होतं. "सासऱ्यांच्या हातचं शेवटचं झाड होतं," ती म्हणाली. सासरे पुण्यात ठणठणीत होते.

हिवाळाभर चारुता डबे पोचवत राहिली, मेधाचा कचराही वेगळा करून देऊ लागली.

मार्चअखेर फांद्यांवर हिरवे कोंब दिसले. मेधाने एकेक कोंब नखाने खुडला, हात धुतले आणि चारुताच्या डब्याची वाट बघत बसली.