दादाचं कोहळं

हिवाळ्यातल्या संध्याकाळी, आकाशातला तांबडेपणा विरत गेला आणि अंगणातल्या सीताफळाच्या बुडाशी अंधार गोळा व्हायला लागला, की दादा त्या मातीच्या झाकणाला बोटभर फट पाडायचा आणि आतल्या निखाऱ्यांचा केशरी उजेड त्याच्या चेहऱ्यावर खालून वर चढत जायचा. आधी हनुवटी उजळायची, मग पांढऱ्या मिशा, मग चष्म्याच्या काचा, आणि सर्वांत शेवटी ते कपाळ, ज्यावर जन्मभर भट्टीसमोर उभं राहून एक कायमची आठी पडली होती. एरवी राकट, अबोल, कुणी फोटो काढतो म्हटलं तर पाठ फिरवणारा माझा हा थोरला भाऊ तेवढ्या क्षणापुरता देखणा दिसायचा. मी एकदा त्याला तसं बोलूनही दाखवलं. "चूप बस वं शालू, हवा जाते आतमंधी," असं म्हणून त्याने झाकण लावून टाकलं.

ती वस्तू म्हणजे कोळशाची शेगडी. पण शेगडी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते तशी नव्हे. जाड चिनी मातीची, कमरेइतकी उंच, मधोमध फुगलेली, वरून मातीचंच घट्ट झाकण, बाहेर हिरवा चकचकीत लेप आणि आत उघडी, कोरी भाजकी माती. दादा खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरच्या आतल्या विटांचं अस्तर बसवायचं काम करायचा. तिथे कामासाठी आलेला एक परदेशी साहेब मायदेशी परतताना ती मागे ठेवून गेला आणि दादाने ती भाताच्या तणसाच्या गादीवर निजवून घरी आणली. वहिनीने कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली. "बाप्पा, कोहळं हाय का काय हे!" असं ती म्हणाली, आणि तेव्हापासून घरात तिचं नाव कोहळं पडलं. मी त्या दिवशी पोट दुखेस्तोवर हसले होते.

आणण्यामागचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे हिवाळा म्हणजे रोडगे. कणकेच्या लहान पोळ्या एकात एक गुंडाळून केलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर ओरपायचे. वहिनीच्या हातच्या रोडग्यांची कीर्ती आमच्या सगळ्या सोयऱ्यांत होती. पण तिला दमा होता. गोवऱ्यांचा धूर उठला की तिच्या छातीतून बारीक शीळ घातल्यासारखा आवाज यायचा, डोळे पाण्याने भरायचे, आणि तरीही ती पदर नाकाशी धरून त्या धुरात बसून राहायची, कारण रोडगे आणि तेही दुसऱ्याच्या हातचे, ही कल्पनाच तिला सहन होत नसे. बाभळीचा कोळसा एकदा नीट फुलला आणि कोहळ्याचं झाकण बसलं, की धुराची रेषसुद्धा बाहेर पडायची नाही. माझ्या या मुखदुर्बळ भावाने बायकोवरच्या प्रेमाचा उभ्या आयुष्यात एकही शब्द उच्चारला नसेल; त्याने धूर बंद केला, एवढंच.

म्हणून मग त्या कोहळ्याची निगा हा दादाचा जणू नित्यनेम होऊन बसला. झाकणाच्या कडेची नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची पट्टी जळून काळी पडली की तो ती खरवडून काढायचा आणि नवी चिकटवायचा. उष्णतेने सैल पडणारे लोखंडी पट्टे आवळायचा. बिजागरीला तेल द्यायचा. आतलं कोळशाचं भांडं केव्हाच तडकलं होतं. त्याचे तुकडे भट्टीच्या विटा जोडायच्या मसाल्याने सांधून, सावलीत वाळवून, आधी ओंजळभर कोळशाच्या कोमट शेकाने आणि मग हळूहळू चढत्या आचेने त्याने ते पुन्हा पुन्हा उभं केलं होतं. ही कामं करताना त्याच्या जाड, भाजल्या बोटांत अचानक एक मार्दव यायचं, आजारी माणसाचं अंथरूण बदलताना येतं तसं. आणि पाणी! थेंब जरी जवळ गेला तरी हा खेकसायचा. "आतून कोरी आहे थे, पाणी पिते!" असं म्हणत पावसाळ्यात तो तिच्यावर ताडपत्री घालायचा, आणि त्या ताडपत्रीची खालची कड दिवसातून कितीदा चाचपायचा कोण जाणे. मी चिडवायची, "अरे, इतकी काळजी आमची कधी घेतली नाहीस." तो पुन्हा ती कड चाचपायला जायचा.

गेल्या भाद्रपदात वहिनी गेली. ओल्या हवेने छाती भरली आणि चारचौघांना धावपळ करायलाही तिने फुरसत दिली नाही. घरात माणसं दाटली, आणि दादा मात्र वऱ्हांड्याच्या खांबाला टेकून, ओठ मिटून, पावसाच्या बारीक धारांकडे असा पाहत बसला की त्याच्याशी बोलायची कुणाची छाती होईना. मला त्याचा रागही आला होता. रड ना बाबा, ओरड, काहीतरी कर, असं वाटायचं.

सुतक फिटायच्या दिवशी घर धुऊन काढलं. आमच्यात माणूस गेलं की मातीची भांडी घरात ठेवत नाहीत. पितळ, तांबं, काच घासून शुद्ध होतं. माती शुद्ध होत नाही, ती टाकायची. माठ गेला, पणत्या गेल्या, विरजणाचं गाडगं गेलं. ही सगळी देखरेख रामटेकच्या काकूंकडे होती. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या त्या एकट्याच उरलेल्या. कमरेत वाकलेल्या, पण नजर अशी की कोपऱ्यातला कोळी निसटणार नाही. ती नजर अंगणातल्या ताडपत्रीवर गेली.

"अगा वसंता, हे मातीचं हाय नं? मंग काहून ठेवून राहिला?"

त्या दिवसांत पहिल्यांदाच दादा झटकन उठला. "चिनी माती आहे काकू थे. कपबशा फेकल्या का तुम्ही?"

"कपबशा धुतल्या नं पण," काकू शांतपणे म्हणाल्या. "मंग हेबी धू. नाहीतर टाक. दोन्हीपैकी एक कर बाप्पा."

काकू दुष्ट नव्हत्या. त्यांच्या हिशेबी त्यांनी वाटच काढून दिली होती, आणि त्या वाटेवर दादाला स्वतःच्याच शब्दांनी नेऊन उभं केलं होतं. चिनी माती म्हणाला होता ना, मग धुवायला हरकत काय! त्याने ताडपत्री काढली, झाकण उघडलं आणि बादली उचलली. दुसऱ्या कुणाला त्याने हात लावू दिला नाही. पाणी आत पडलं आणि त्या तहानलेल्या मातीने ते घटाघटा ओढून घेतलं. बारीक बुडबुडे फुटत राहिले, आतला राखाडी रंग बघता बघता काळाकुट्ट झाला, आणि बाहेरचा हिरवा लेप मात्र स्नान घडल्यासारखा लखलखला. "झालं, शुद्ध झालं," म्हणत काकू आत गेल्या. दादा रिकामी बादली धरून तिथेच उभा राहिला. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत मी पहिल्यांदा पाणी पाहिलं.

मग सुरू झालं ते वाळवणं. शरदाचं ऊन पडायला लागलं तसा तो रोज सकाळी झाकण उघडायचा आणि ऊन जसजसं सरकेल तसतसं कोहळ्याचं तोंड फिरवायचा; दुपारी आत हात घालून तळवा भिंतीला लावून बसायचा, ताप उतरला का पाहतात तसा; सूर्य कलला की दव पडायच्या आत झाकून टाकायचा. मी भाजीपोळीचा डबा घेऊन जायची, तर तो अंगणातच भेटायचा. चेहरा खंगलेला, दाढी वाढलेली, आणि कोहळं मात्र पुसून लख्ख. एकदा मी न राहवून म्हटलं, "दिवाळी झाली रे, वाळलं असेल आता." त्याने मान हलवली. "बाहेरून वाळलेली दिसते माती. आतलं पाणी आतच असते, अन् आच लागली का थेच मातीले फोडते. याले एक उन्हाळा पाहिजे, शालू. नागपूरचा एक अख्खा उन्हाळा." मग माझ्याकडे न पाहता तो म्हणाला, "तिच्या वर्षश्राद्धाले रोडगे करीन म्हणतो. याच्यातच." तेव्हा मला कळलं की हा माणूस एवढ्याच एका गोष्टीच्या आधाराने उठतो आहे, बसतो आहे, जेवतो आहे.

आणि तो उन्हाळा त्याला मिळाला नाही. त्याच्या मुलाचं, नीलेशचं लग्न वहिनीनेच जमवून ठेवलं होतं. वर्षाच्या आत मंगलकार्य करायचं तर गेलेल्या माणसाचं वर्ष आधीच उरकून घ्यावं लागतं. तशी रीत आहे आणि रीतीत वावगं काही नाही. मुलीकडची माणसं थांबायला तयार नव्हती. पौषात वर्षश्राद्ध, फाल्गुनात लग्न असं ठरलं. दादाने विरोध केला नाही. 'वहिनीची इच्छा' हे शब्द कुणीतरी उच्चारले आणि त्याने तिथीला मान डोलावली. बारा महिन्यांचा काळ भटजींच्या दक्षिणेत आणि दर्भाच्या अंगठीत बसवता येतो हे मला ठाऊक होतं. पण मातीतलं पाणी कुणाच्या मुहूर्ताला ऐकणार होतं?

नीलेशने परोपरीने समजावलं. "बाबा, गॅसवर करू नं रोडगे. ओव्हनमंधी करू. काहून एवढा जीव टाकून राहिले तुम्ही त्याच्यात?" मुलगा गुणी आहे, आईवर त्याचा फार जीव होता, त्याचंही काही चुकत नव्हतं. दादा एवढंच म्हणाला, "तिले गॅसवरचे आवडत नोयते." आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने आपल्या हातच्या कसबाप्रमाणे शेक द्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी ओंजळभर निखारे, मग थोडे अधिक, मग आणखी थोडे. मधूनमधून झाकण उघडून आतल्या भिंतीवर दाटलेला घाम तो फडक्याने टिपून घ्यायचा. पौषातलं ते पांढुरकं, निस्तेज ऊन आणि त्यात घाईने वाळवली जाणारी ती जुनी माती मी येता-जाता पाहायची. घाई करतो आहोत हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

श्राद्धाच्या दिवशी दादाने कोहळं पेटवलं. कोळसा सुरेख फुलला. रोडगे मी वळले, वहिनीसारखे नाही जमले, पण वळले. त्याने ते एकेक करून आत ठेवले, झाकण लावलं आणि समोर स्टूल टाकून बसला. आत भटजींचे मंत्र चालले होते, वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता, काकू पानं मांडत होत्या. बऱ्याच महिन्यांनी दादाच्या चेहऱ्यावर मला थोडी धग दिसली. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, एवढं एक होऊ दे.

मग कट्ट असा आवाज झाला. फार मोठा नाही, सुपारी फुटावी एवढाच. हिरव्या लेपावर काठापासून खालपर्यंत एक रेघ धावत गेली, लोखंडी पट्ट्यांनी कोहळं कसंबसं आवळून धरलं, आणि त्या रेघेतून धूर बाहेर यायला लागला. कोळशाच्या जोडीला करपत्या कणकेचा दाट, करडा धूर, कोहळं आल्यापासून त्या अंगणाने कधी न पाहिलेला, वाऱ्याबरोबर सरळ स्वयंपाकघराकडे निघाला. दादा ताडकन उठला. दोन्ही हात पसरून तो त्या तापल्या रेघेसमोर आडवा उभा राहिला आणि घराकडे मान वळवून जीव खाऊन ओरडला,

"अवं, खिडकी लाव! लवकर लाव, धूर येऊन राहिला!"

मला तो शालू म्हणतो, काकूंना काकू. नुसतं 'अवं' त्याच्या तोंडी एकाच माणसासाठी होतं.

भटजी थांबले. नीलेशच्या हातातली पळी तशीच राहिली. दादा अजून खिडकीकडेच बघत होता, वाट पाहत, आणि त्याला काय झालं ते कळायला जो थोडा वेळ लागला, तो मला जन्मात विसरता यायचा नाही. तेवढ्यात पानं मांडत असलेल्या काकू भिंतीला धरून उठल्या, वाकलेल्या कमरेने स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेल्या आणि त्यांनी एकेक करून तिची दोन्ही दारं ओढून घेतली. कडी लागल्याचा आवाज अंगणापर्यंत आला. दादा खाली बसला, त्याने तोंड झाकून घेतलं, आणि भाद्रपदापासून अडलेलं सगळं रडणं त्या धुरात बाहेर पडलं.

माणूस जातं त्या तिथीला जातं असं आपण धरून चालतो आणि तिथून काळ मोजायला लागतो. पण आमची वहिनी, मला वाटतं, त्या दुपारी गेली, जेव्हा तिला हाक मारली गेली आणि खिडकी दुसऱ्याच हाताने लागली.