सपल

माइकच्या तोंडावरच्या काळ्या स्पंजला एक खळी पडली होती, आधीच्या कुणाचा ओठ टेकत आला असेल, किंवा दात – रोवेना त्या खळीत करंगळीचं टोक घालत राहिली, काढत राहिली. काचेपलीकडे, खाली, निळ्या गाद्यांवर मुली जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेआधी अंग मोकळं करत होत्या. डॉनकास्टरच्या त्या सभागृहाला सकाळी साडेनऊलाही घामट मोज्यांचा आणि खडूच्या भुकटीचा वास असे, आणि काच बंद असली तरी तो वर येई. की तो तिच्याच नाकात चाळीस वर्षं मुक्कामाला होता, कोण जाणे.

समोर कार्ड. त्यावर तिच्याच अक्षरात चपळ, लवचिक अंगासाठीचे शब्द, एकाखाली एक: निम्बल, एजाइल, लाइथ, स्प्राय, सपल. दहा वर्षं तिचं काम हेच – ज्यांना दिसत नाही त्यांना दिसतं ते सांगायचं. अंध प्रेक्षकांच्या कानात छोटं यंत्र आणि त्यात रोवेनाचा आवाज. मुलगी हातांवर उलटी होते तेव्हा नुसतं ‘चपळ’ म्हणून भागत नाही, चपळ उंदीरही असतो. शब्द असा हवा की ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या पाठीतून काहीतरी सरकत गेलं पाहिजे. लोक तिचं कौतुक करत. फक्त मिसेस बेनेट – जमैकाहून तरुणपणी लीड्सला आलेल्या, जन्मभर नर्स, काचबिंदूने डोळे गेलेले – त्या तिची खोडी काढत. ‘‘ते स्प्राय काढून टाक बाई,’’ गेल्या वर्षी त्या म्हणाल्या होत्या, ‘‘तो शब्द आम्हा म्हाताऱ्यांसाठी. स्प्राय म्हणजे, अरेच्चा, ही अजून मेली नाही!’’

‘‘रो, यंत्रं वाटून झाली,’’ डेझ दारातून म्हणाला. आवाजाची जोडणी तो बघे. ‘‘मिसेस बेनेट धरून अकरा जण आहेत. काहीतरी बोलत राहा, मी खाली एकेकाला विचारतो, नीट येतंय का.’’

तिने बटण दाबलं. ‘‘सुप्रभात. मुली अंग मोकळं करताहेत. डावीकडे लाल पोशाखातल्या सहा जणी, कमान टाकताहेत, एकीमागून एक… उजव्या कोपऱ्यात हिरव्या पोशाखातली एक लहान मुलगी, नऊएक वर्षांची, पाय दोन्हीकडे ताणून बसलीय, छाती जमिनीला टेकवत, अतिशय –’’

सपल, म्हणायचं होतं तिला, मऊ, लवचिक. शब्द जिभेवर आला होता. पण त्याच क्षणी मुलीच्या मागे एक माणूस आला, हिरव्या जाकिटातला, दणकट, आणि बाकड्यावर बसावं तसा तिच्या पाठीवर बसला.

… सपल हा शब्द कातड्यालाही लावतात. भिजवून, ठोकून, तेल चोळून कातडं मऊ करतात आणि मग म्हणतात, सपल झालं. तिचा प्रशिक्षक मिस्टर टॉलर असाच बसे, बार्न्सलीच्या जुन्या गिरणीतल्या हॉलमध्ये, तेरा स्टोनचा, ऐंशी किलोंवरचा माणूस, तिच्या नऊ वर्षांच्या पाठीवर, वर्तमानपत्र उघडून. पान उलटताना त्याचं वजन एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर जाई आणि मांडीच्या आत काहीतरी पेटे. रडलीस तर अजून एक पान. आईला तो म्हणाला, ‘‘पोरगी सपल आहे तुमची. अजून मळायला हवी.’’ आई इतकी खूश झाली, की वाटेत मासे-बटाटे घेतले. खाल्ले तिनेच, रोवेनाचं वजन वाढायला नको म्हणून, आणि रोवेनाने व्हिनेगरचा कागद चाटला. ही गोष्ट ती सांगत आली होती. नवऱ्याला, मैत्रिणींना, एकदा एका मासिकाला. सांगून सांगून ती गोष्टसुद्धा मऊ झाली होती.

खाली मुलीचे तळवे गादीवर आपटत होते. एकदा, दोनदा. त्या माणसाने तिची वेणी धरून डोकं खाली दाबलं. आजूबाजूच्या कुणाची मान वळली नाही. लाल मुली कमान टाकत राहिल्या.

आणि बटण अजून दाबलेलंच होतं. यंत्रातून नुसता तिचा श्वास जात असणार.

‘‘एक माणूस मुलीच्या पाठीवर बसलाय,’’ रोवेना म्हणाली. आवाज तिचाच होता, पण त्याला कसलीच लय नव्हती. ‘‘तो तिला दाबतोय. तिची वेणी त्याच्या मुठीत आहे. ती हात आपटतेय. ती रडतेय. तो हसला, आता शेजारच्या माणसाशी बोलतोय. अजून उठलेला नाही. अजून नाही. अजून…’’

– पण केरी. केरी डॉब्सनची गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. त्याच गिरणीत, रोवेना तेवीसची, आता स्वतःच प्रशिक्षक, शिट्टी गळ्यात, आणि तिचा स्वतःचा गुडघा आठ वर्षांच्या केरीच्या कमरेवर. टॉलर तिथे नव्हताच, तो तर केव्हाच निवृत्त होऊन गेला होता. कुणी सांगितलं नव्हतं तिला, कुणी बघतही नव्हतं. तिने भार टाकला, अजून टाकला, आणि त्या टाकण्यात एक गोड, गरम असं काही होतं, हेच, हेच ते, जे तिने नंतर इतक्या शब्दांखाली पुरून ठेवलं; मग ओली फांदी पिळावी तसा आवाज आला. केरी ओरडली नाही. ‘‘सॉरी, मिस,’’ म्हणाली.

दार धाडकन उघडलं. डेझ पांढराफटक, आणि त्याच्या दंडाला धरून, पायऱ्या चढून धापा टाकणाऱ्या मिसेस बेनेट.

‘‘रो, काय बोलतेयस तू! संयोजक माझ्या नावाने शंख करतील. बंद कर ते आधी!’’

‘‘तू गप रे,’’ मिसेस बेनेट म्हणाल्या. काठीने त्यांनी टेबलाची कड शोधली. ‘‘पोरी, हिरवा रंग म्हणालीस. माझी नात इमानी हिरव्यातच आहे. ती मुलगी कोण?’’

‘‘इमानी नाही. ही गोरी आहे, लहान आहे. इमानी मागे उभी आहे, रांगेत.’’

‘‘रांगेत.’’ म्हातारीने शब्द चावला. ‘‘कसली रांग?’’

रोवेनाने काचेतून पाहिलं. तो माणूस उठला होता, आणि हिरव्या रांगेतली पुढची मुलगी न सांगता पुढे येऊन पाय ताणून बसत होती. ‘‘पाठीवर बसवून घ्यायची,’’ ती म्हणाली.

मग मिसेस बेनेट म्हणाल्या, ‘‘मला खाली ने.’’

‘‘मी कशी… मिसेस बेनेट, मी पण केलंय हे. एका मुलीला. माझ्या गुडघ्याने. तिच्या मांडीचा स्नायू फाटला, ती परत कधी आली नाही.’’ बटणावरचं बोट उचललं होतं की नाही, तिला आठवत नव्हतं. डेझच्या चेहऱ्यावरून वाटत होतं, नव्हतं.

तिला वाटलं, म्हातारी आता हात हातात घेईल, नर्सा घेतात तसा. तसं काही झालं नाही. न पाहणारे डोळे तिच्या कानाच्या जरा बाजूला रोखलेले राहिले.

‘‘नाव काय तिचं?’’

‘‘केरी.’’

‘‘जिवंत आहे?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘माफीबिफी माझ्याकडे मागू नकोस, माझ्याजवळ नाही ती.’’ त्यांनी डेझचा दंड सोडला आणि हवेत हात पुढे केला. ‘‘पण काय तुटतं ते तुला ठाऊक आहे. त्या माणसाला ते सांगायला मला तूच हवीस. चल, इमानीच्या पुढे किती जणी आहेत?’’

‘‘तीन.’’

‘‘मग उभी काय राहिलीस?’’

म्हातारीची पकड मनगटात रुतली, नखांसकट. रोवेना जिना उतरू लागली. डेझ मागून काहीतरी ओरडत होता, नोकरी, तक्रार, वकील… एकेक पायरीगणिक ती सांगत होती, ‘‘पायरी… पायरी… आता वळण,’’ आणि तिला जाणवलं, की तिला त्या माणसाला मारायचं आहे. वेणी धरली तसे त्याचे केस धरून, गादीवर नव्हे, सिमेंटवर. ही इच्छा तिला ओळखीची होती. तेविसाव्या वर्षी गुडघ्यातून उतरली होती तीच ही, तितकीच गरम. आज फक्त तिचं तोंड दुसरीकडे होतं. इतकी वर्षं ती समजत आली होती, की टॉलरने ती तिच्यात ओतली, आणि ओतलेलं कधीतरी ओतून टाकता येतं. पण ती तिच्याच हाडांत होती, तिच्याच मापाची. भीती वाटायला हवी होती. वाटत होतीच. तरी पाय थांबत नव्हते, आणि खालच्या दाराच्या फटीतून येणारा गाद्यांचा धप्, धप् आवाज जवळ येत चालला तशी ती पहिल्यांदाच, कुठलाच शब्द न शोधता, नुसती ऐकत होती.