फ्रान्सिस्काबायच्या पडवीतली कणगी

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे. बांबूच्या कामट्यांनी मला विणले, शेणामातीने लिंपले आणि आचऱ्याच्या खाडीलगतच्या एका वाडीत, उंचावरच्या पडवीत उभे केले. ते घर फ्रान्सिस्काबायचे.

माझ्यात भरत ते भात एका घराचे नव्हते. खाडीचा बांध फुटला की खारे पाणी खालच्या शेतांत शिरे. पाऊस मीठ धुऊन नेई, पण पुन्हा पेरायला बियाणे नसे. मग गरिबाची गाय विकली जाई आणि गायीमागून शेत. हे पाहून फ्रान्सिस्काबायने दारोदार फिरून ठरवून घेतले: सुगीला प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे भात घालायचे आणि ज्याचे बुडेल त्याला गरजेप्रमाणे द्यायचे. बाबलीचे घर टेकाडावर. त्याने कुरकुरत का होईना, पोतेभर घातले. तुळसा विधवा, पदरी दोन मुले. तिने सूपभर घातले. मला दोन्ही सारखीच जड वाटली.

एकोणसाठ सालच्या आषाढात, ऐन भरतीला, बांध फुटला. तुळसाच्या घराची भिंत पडली आणि लावलेले शेत बुडाले. एका सावकाराने निरोप धाडला, वर्षभराचे तांदूळ देतो, शेत माझ्या नावावर कर. तुळसा पडवीत येऊन म्हणाली, "शेत देऊन टाकतंय, बाय. पोरांका काय घालू?"

"थांब गो," फ्रान्सिस्काबाय म्हणाली, आणि वाडीला बोलावणे गेले.

बाबली आल्या आल्या म्हणाला, "तिणा सूपभर घातल्यान. तिका सूपभरच मेळाक होया."

"मगे कणगी कित्याक होयी रे बाबली? ज्येचां त्येणां आपल्या घरात ठेवचां. तुझ्या घरात पाणी येणा नाय, ह्यां तुझां नशीब. तिचां घर खाली आसा, हो काय तिचो गुन्हो?" फ्रान्सिस्काबायने विचारले.

बाबली उठून माझ्यापाशी आला. "माप मीच घालतलंय," तो म्हणाला. त्याचा कोणावर विश्वास नव्हता, पण त्याचे माप चोख होते. बियाण्याचे आणि खाण्याचे भात त्याने वेगवेगळे मोजले. तुळसानंतर आणखी चार घरांचे माप झाले आणि मी रिकामी झाले. फ्रान्सिस्काबायचेही शेत बुडाले होते. तिच्या वाट्याला काही उरले नाही. त्या पावसाळ्यात तिच्या चुलीवर कुळथाची पिठीच शिजली.

उशिरा पेरलेले तुळसाचे भात अर्धेच भरले. पण शेत तिच्याच नावावर राहिले.

मला पुन्हा भरायला तीन सुग्या लागल्या. पुढे फ्रान्सिस्काबाय वारली. तिचा मुलगा गोव्याला गेला. नवा दगड घालून बांध पक्का झाला, तेव्हा लोक म्हणू लागले, आता पाणी कसले येते? आणि आलेच, तर सरकार देईल. एकेका घराने भात आणणे सोडले. बाबली मात्र दोन वर्षे एकटाच आणत राहिला. मग तोही थांबला.

आता माझ्यात चुलीत जाळायला नारळाची सोडणे, म्हणजे वरची वाळकी साले, भरतात. तळाला वाळवी लागली आहे. माझे दुःख करू नका, मित्रांनो. बांबू अजून उगवतो, विणणारे हात अजून आहेत. फक्त नवी कणगी विणायची, तर ऊन आहे तोवर विणा. पाणी उंबऱ्याशी आल्यावर लिंपलेली माती सुकत नाही.