सात टिंबं

मी एक जुनी दुरंगी पेन्सिल आहे, मित्रांनो. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. आता अंगठ्याएवढी उरले आहे. माझी गोष्ट अभिमानाने सांगावी अशी नाही, तरी ऐका.

कारखान्यात लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये माझी शिसं चिकटवली, वर रंग चढवला आणि मला डझनाच्या खोक्यात भरलं. नशिबी आलं एका संपादकांचं टेबल. जिन्याखालची खोली, चहूकडे कागदांचे गठ्ठे. लाल टोकाने ते खोडायचे, निळ्याने शेरे लिहायचे. खोडण्याचीच हौस दांडगी, त्यामुळे लाल बाजूला रोज टोक काढलं जाई. नव्या लेखकांपुढे ते मला उंच धरून म्हणत, "ही म्हणजे माझा उजवा हात!" मी फुशारून जायची.

एकदा चष्मा शोधता शोधता त्यांनी मला टेबलावरून पाडलं. चष्मा कपाळावरच होता. माझं निळं शिसं मात्र आतल्या आत तुटलं. ते कुणाला दिसलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी एक वयस्कर बाई आल्या. जन्मभर कपडे शिवले म्हणून सगळे त्यांना टेलरबाई म्हणत. त्यांनी आठवणींची दोनशे पानं कापडाच्या तुकड्यात गुंडाळून आणली होती.

"सर, हे माझ्या धाकट्या बहिणीसाठी छापायचंय," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं ती माझ्याशी बोलत नाही. निरोप धाडते, चारचौघांत माझं नाव घालवलंस, तर चारचौघांतच खरं सांग. आणि तिची तब्येत बरी नाही हो."

त्यांच्या लहानपणी वडिलांच्या दुकानात गिऱ्हाइकाचा नवाकोरा कोट इस्त्रीखाली जळाला होता. इस्त्री थोरलीकडून चालू राहिली होती. आळ आला धाकटीवर, आणि थोरलीच्या तोंडून शब्द फुटला नाही. धाकटीला दुकानातून काढून लांब आत्याकडे धाडलं. तिचं नाव पडलं 'करपी'. लग्न झालं, लेक झाली, केस पिकले, तरी नातेवाइकांत ती करपीच राहिली.

दर सोमवारी दोघं पानं घेऊन बसत. संपादक बेधडक कात्री लावत. बाई हसून म्हणत, "माप चुकलं की उसवायचंच, सर." आपलं लिखाण खोडलेलं इतक्या शांतपणे पाहणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मग आलं पान चौऱ्याहत्तर. दुकानाचं छान वर्णन चाललेलं असताना मध्येच एक वाक्य होतं: 'इस्त्री मी चालू ठेवली होती, धाकटीने नाही.' वर्णनाची लय बिघडते म्हणून संपादकांनी ते फर्रकन लाल केलं. बाई गेल्यावर त्यांनी पान पुन्हा वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, मी हेच खोडलं? हे गेलं तर पुस्तकात उरतं काय?"

खोडलेल्या मजकुराखाली टिंबं दिली की त्याचा अर्थ होतो, हे राहू द्या. ही छापखान्याची खूण. नवख्यांना ती कळत नाही, म्हणून ते समासात 'राहू द्या' असं लिहीतही असत. त्यांनी माझ्या निळ्या टोकाने सात टिंबं दिली. मग 'राहू' लिहायला मला समासात टेकवलं, एक उभी रेघ उमटली, आणि माझं शिसं गळून पडलं. शार्पनर खणात होता, खण अडकलेला. "उद्या लिहू," ते पुटपुटले. मी त्या गठ्ठ्यातच राहिले आणि सकाळी गठ्ठ्याबरोबर बाईंच्या घरी गेले. मी नजरेआड झाले आणि ते दोन शब्दही विसरले गेले.

बाई शिलाई मशीनवर कागद ठेवून पक्की प्रत उतरवत होत्या. चौऱ्याहत्तराव्या पानावर त्यांचा हात थांबला. वाक्यावर लाल रेघ, खाली टिंबं, बाजूला उभी रेघ. बाईंच्या धंद्यात कापडावर टिंबं दिली की तिथूनच कात्री चालवायची असते.

त्यांनी टिंबांवरून बोट फिरवलं. डोळे भरून आले. "विचारू का?" असं स्वतःशीच म्हणाल्या आणि मग मान हलवली. "नको. गिऱ्हाइकाने कटिंगमध्ये बोलू नये, हे मीच सांगत आले." त्यांनी ते वाक्य गाळलं. मी शेजारीच पडले होते. मला ओरडता आलं असतं तर!

संपादकांनी मुद्रितं, म्हणजे छापण्याआधी तपासायची पानं, त्या पक्क्या प्रतीशी ताडून पाहिली, अगदी डोळ्यांत तेल घालून. दोन्हीकडे सगळं जुळत होतं.

पुस्तक धाकटीकडे गेलं. पाचव्या दिवशी तिची लेक आली. "मावशी, आईने दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ओळीओळीवर बोट ठेवून. मग मिटून म्हणाली, छापूनसुद्धा खरं बोललीच नाही ती."

बाई तशाच चपला घालून निघाल्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा पार कोसळल्या होत्या. धाकटी भिंतीकडे तोंड करून एवढंच बोलली होती, "तोंडी नको. छापील दाखव."

संपादकांना हे कळलं. धावपळ करून त्यांनी शुद्धिपत्र छापून घेतलं, चिकटवायची एका ओळीची चिठ्ठी. ती हातात यायला नऊ दिवस लागले. धाकटी त्यातल्या सातव्याच दिवशी गेली. "बिचारी करपी," भेटायला आलेली माणसं म्हणत होती.

बाई आता रोज एकेका प्रतीत ती चिठ्ठी चिकटवतात. पुस्तकं फारशी कुणी नेत नाही. संपादक एकदा आले. जाताना त्यांनी मला उचललं, खिशातून शार्पनर काढला आणि तुटलेलं सगळं शिसं जाईपर्यंत मला फिरवत राहिले.

मित्रांनो, हातून पडलेली वस्तू उचलल्यावर एकदा नीट पाहत जा. आणि कुणासाठी दोन शब्द लिहायचे असतील, तर टोक काढायला लगेच उठा. खुणेवर भागवू नका.

ते चौऱ्याहत्तरावं पान इथेच, मशीनच्या खणात माझ्याशेजारी आहे. समासात अजून ती अर्धवट उभी रेघ आहे. तिच्यापुढे 'राहू द्या' लिहिण्याइतकं चांगलं टोक मला आता आहे.